विहिरीला वळसा

मोंतेवेंतोच्या विद्यापीठाच्या चौकात मधोमध एक दगडी विहीर आहे. पदवी हातात पडेपर्यंत कुणीही विद्यार्थी तो चौक मधून ओलांडत नाही. ओलांडला की पदवी विहिरीत गेली म्हणून समजा. हे कुणी ठरवलं आणि कधी ठरवलं ते विचारू नका, आम्हालाही माहीत नाही. वकिलीची पोरं घाबरतात ते एक वेळ समजू शकतं, पण ज्यांनी असल्या गोष्टींना हसायला हवं ती संगणकशास्त्राची पोरंसुद्धा भिंतीलगतच्या कमानींखालून चौकाला पुरता वळसा घालून वर्गात जातात. उशीर झाला तर धावतात, पण धावतात ती कमानींखालूनच.

एजिदिओ बोर्तोलिन हा वळसा तीसेक वर्षं घालत होता.

विद्यापीठाच्या मोठ्या दरवाज्यासमोर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, त्याचं झेरॉक्सचं दुकान. गावातल्या प्रत्येक पदवीधराचा प्रबंध त्याच दुकानात बांधला गेलेला. निळं कापडी कव्हर, वर सोनेरी अक्षरांत नाव. "या गावात पदव्या मीच वाटतो," एजिदिओ गिऱ्हाइकांना सांगायचा, "घाईघाईत माझी तेवढी वाटायची राहिली." हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगायचा. समोरचा टोमणा मारणार अशी नुसती शंका आली तरी तो स्वतःच स्वतःला मारून मोकळा व्हायचा, मग समोरच्याच्या हातात काही उरायचं नाही.

आमच्याकडे पदवी मिळाली की माणूस 'दोत्तोरे' होतो. न्हाव्याकडे, बँकेत, मासळीच्या गाडीवर, सगळीकडे दोत्तोरे. शेजारच्या बारचा मालक तुल्लिओ रोज सकाळी एजिदिओची कॉफी ठेवताना मोठ्याने ओरडायचा, "दोत्तोरेंची कॉफी!" आणि बारमधली माणसं खालमानेने हसायची. एजिदिओ उठून वाकून नमस्कार करायचा. तेवढी तालीम त्याला झाली होती.

पदवीच्या दिवशी मित्रमंडळींनी त्या मुलाची किंवा मुलीची फजिती करायची, हाही आमचा रिवाज. मोठं पोस्टर छापतात, त्यावर वेडंवाकडं चित्र आणि खाली यमकं जुळवून त्याच्या सगळ्या भानगडी. ते पोस्टर त्याने दरवाज्याबाहेर उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि अडखळला की प्रत्येक वेळी वाइनचा एक घोट. हल्लीच्या पोरांना यमकं जुळवता येत नाहीत, म्हणून ती कामंही एजिदिओकडेच यायची. त्याने अर्ध्या गावाची अब्रू यमकात काढली होती. स्वतःचं पोस्टर तर त्याने कधीचंच लिहून ठेवलं होतं, फक्त तारखेची आणि शेवटच्या गुणांची जागा मोकळी होती.

आता हे सगळं कशामुळे झालं, तर पंचवीस गुणांमुळे.

एजिदिओ तरुण असताना विद्यापीठाने संगणकशास्त्राचा विभाग काढला. जागा नव्हती म्हणून तो चौकाला लागून असलेल्या नन्सच्या जुन्या मठात बसवला. यंत्रं जेवणघरात ठेवली, वायरी दारूच्या तळघरातून नेल्या, आणि भिंती इतक्या जाड की आजही त्या इमारतीत इंटरनेट फक्त खिडकीत उभं राहणाऱ्याला मिळतं. पहिल्या तुकडीत मोजकीच पोरं होती. त्यात एजिदिओ सर्वांत हुशार, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. सगळे विषय सुटले, एक अल्गोरिदमचा पेपर राहिला.

पेपर म्हणजे तोंडी परीक्षा, भरल्या वर्गासमोर. गुण तीसपैकी, अठरा म्हणजे पास. प्राध्यापक गुण सांगतात आणि विचारतात, मान्य आहे का? नको असेल तर नको म्हणायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा यायचं. म्हाताऱ्या पादोआन सरांनी एजिदिओला पंचवीस देऊ केले. एजिदिओने नवा कोट घातला होता. तो सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नको, सर. मी पुन्हा येईन. माझी लायकी तिसाची आहे."

त्याच्यामागे नंबर होता लोरेदाना फुर्लानचा. बिचारी शेवटपर्यंत वहीची पानं उलटत होती. सरांनी तिला अठरा सांगितले आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत ती "मान्य" म्हणून बाहेर पळाली. एजिदिओ तिच्या मागोमाग गेला. ती कमानीला टेकून तोंड झाकून उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर थोपटून तिला समजावलं, अठरा मिळाले म्हणून माणूस काही संपत नाही, वगैरे. पुढे ही गोष्ट सांगताना तो या जागी हमखास थांबायचा. "मी तिचं सांत्वन केलं," तो म्हणायचा, "मी, तिचं." आणि मग खिडकीतून समोर बोट दाखवायचा, कारण तीच लोरेदाना आज त्या विभागाची प्रमुख होती.

पुढच्या खेपेला त्याला एकवीस मिळाले. पंचवीस नाकारलेला माणूस एकवीस कसे घेणार? तेही नाकारले. त्याच्या पुढच्या खेपेला तो चक्क नापास झाला आणि सरांनी मान्य आहे का असं विचारलंसुद्धा नाही. मग त्याने तयारी नीट होईपर्यंत पोटापाण्यापुरतं म्हणून झेरॉक्सचं दुकान घातलं. लग्न झालं. मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीला बोलोन्याला गेली. दुकान अजून पोटापाण्यापुरतंच होतं आणि तयारी अजून चालूच होती. दरवर्षी तो नाव तेवढं नोंदवत राहिला. प्रबंध पोचवायला आत जावं लागलं की गठ्ठ्यांची ढकलगाडी घेऊन कमानींखालून खडखडत जायचा. एकदा कुण्या पोराने विचारलं, काका, तुम्ही कशाला वळसा घालता, तुम्ही थोडेच विद्यार्थी आहात? "आहे तर," एजिदिओ म्हणाला. "सगळ्यात जुना."

ते पोर हसलं. एजिदिओही हसला. पण त्या दिवशी त्याचं मन कामात लागलं नाही, हेही खरं.

मग या वसंतात विद्यापीठाची एक सूचना झेरॉक्सला आली. त्याने गठ्ठाभर प्रती काढल्या, कडा सरळ केल्या, आणि सगळं झाल्यावर एक सहज वाचली. जुना अभ्यासक्रम बंद. जूनची परीक्षा शेवटची. त्यात जे सुटणार नाहीत त्यांचे आधीचे सगळे विषय रद्द. एजिदिओने यंत्र बंद केलं आणि स्टुलावर बसला. गावभर अशी माणसं किती असतील याचा त्याने विचार करून पाहिला. जुन्या अभ्यासक्रमाचा एकच विद्यार्थी त्याला आठवला. म्हणजे ही सूचना छापणाऱ्यासाठीच होती.

रात्रीच्या जेवणात त्याने ही गोष्ट मारिलेनाला विनोद करून सांगितली. मारिलेना त्याची बायको. तिचं केस कापायचं दुकान त्याच गल्लीत वरच्या अंगाला. तिला त्याच्या विनोदांवर सहसा हसू येई, त्या दिवशी आलं नाही.

"मी एक विषय राहिलेल्या माणसाशी लग्न केलं," ती मक्याची पोलेंता वाढता वाढता म्हणाली. "त्याच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण एकही विषय न झालेल्या माणसाबरोबर म्हातारी होणार नाही मी, सांगून ठेवते."

"माझं वय बघ, मारिलेना. परीक्षेला लोरेदाना बसणार समोर. सगळं गाव हसेल."

"गाव कधीचं हसतंय. हसवतोस तूच." तिने पातेलं टेबलावर आपटलं. "एकदा मला त्यांच्यासमोर रडवून तरी दाखव. कंटाळा आला मला हसण्याचा."

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला.

मारिलेनाला वेळ दुकानातच मिळायचा, म्हणून अभ्यासही तिथेच. ती कात्री चालवता चालवता वहीतला प्रश्न विचारायची आणि एजिदिओ रिकाम्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचा. केस रंगवायला आलेल्या बायकांना दुसरं ऐकायला काही नव्हतं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता यंत्र कसा शोधतं, हे त्याने त्यांना इतक्यांदा सांगितलं की त्यांचं पाठ झालं. आपण आहोत तिथून सुरुवात करायची, जवळचा टप्पा आधी धरायचा, तिथवरचं अंतर नक्की करायचं, मग त्याच्या पुढचे टप्पे. तो अडला की ड्रायरखालून कुणीतरी ओरडायचं, "अंतर नक्की केलं नाहीस, एजिदिओ!" तो सांगायचा, "तीस वर्षांपूर्वी मला एवढ्या शिक्षिका असत्या तर आज मी पोप झालो असतो." पण मनातून तो घाबरला होता. पहाटे जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची नाही. त्याला पदवी हवी होती. इतकी हवी होती की ते उघडपणे म्हणायचीही त्याला लाज वाटत होती.

जूनमधल्या त्या सकाळी मठाच्या जेवणघराची बाकं भरून गेली; यंत्रं कधीच हलवली होती, आता परीक्षा तिथेच होत. तोंडी परीक्षा कुणालाही ऐकता येते आणि आमच्या गावाला दुसरा करमणुकीचा कार्यक्रम नव्हता. तुल्लिओने बार बंद ठेवला होता. याआधी तो फक्त तुल्लिओच्या आईच्या अंत्यविधीला बंद राहिला होता. मारिलेना मागच्या रांगेत, आणि तिच्या बाजूने तिच्या सगळ्या गिऱ्हाईक बायका, केस एकदम व्यवस्थित करून आलेल्या. पुढच्या बाकांवर नव्या अभ्यासक्रमाची पोरं, काय प्रश्न येतात ते उतरवून घ्यायला.

एजिदिओने कोट घातला होता. तो जुना कोट नव्हे, त्यात आता त्याचा एक हात मावला असता. लोरेदानाने मान वर केली आणि म्हणाली, "या, बोर्तोलिन. बसा." एरवी दुकानात ती त्याला नावाने हाक मारायची, पावसापाण्याच्या गप्पा मारायची. 'बसा' ऐकून तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

पहिले दोन प्रश्न त्याने बरे सोडवले. तिसऱ्याला लोरेदानाने फळ्याकडे हात केला.

"हा आपला चौकच घ्या. मोठ्या दरवाज्यापासून या खोलीच्या दारापर्यंत यायचंय. टप्पे मांडा, अंतरं मांडा आणि सर्वांत जवळचा रस्ता पद्धतशीर काढून दाखवा."

मागच्या रांगेतून सुटकेचा निश्वास ऐकू आला. बायकांना पाठ असलेला प्रश्न आला होता. एजिदिओलाही हुरूप आला. या चौकाचा दगड न् दगड त्याच्या पायाखालचा होता. त्याने दरवाजा काढला, डावीकडच्या कमानी, कोपरा, चॅपलचं दार, उजवीकडचा जिना, ग्रंथालयाची पायरी. ढकलगाडीला कुठे धक्का बसतो ते आठवून त्याने अंतरं घातली. मग एकेक टप्पा धरत, अंतर नक्की करत तो पुढे सरकला. मागे बायकांचे ओठ हलत होते. चॅपलच्या बाजूने येणारा रस्ता जवळचा ठरला. त्याने त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि हात झटकले. पोरांनी उत्तर उतरवून घेतलं.

लोरेदाना फळ्याकडे बघत राहिली. "झालं?"

"झालं."

"पुन्हा बघा."

त्याने बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. पायऱ्या तपासल्या, त्याही बरोबर. पोरांनी आपापल्या वह्या तपासल्या, त्यांनाही चूक सापडेना. एखादी कमान मोजायची राहिली की काय म्हणून एजिदिओने खिडकीतून चौकात पाहिलं. बाहेर पोस्टमन एका हाताने सायकल ढकलत, शीळ घालत, विहिरीला लागून सरळ मधून चालत येत होता.

एजिदिओचे कान तापले. तो फळ्याशी गेला, मधोमध एक गोल काढला, त्याच्यापासून दोन रेघा ओढल्या, एक दरवाज्याकडे, एक या खोलीकडे. तो रस्ता आधीच्या उत्तराच्या निम्म्याहूनही कमी होता. हे सांगायला पद्धत लागत नव्हती. पुढच्या बाकांवर पोरांनी कपाळावर हात मारले.

"विहीर राहिली," तो म्हणाला.

"कशी काय राहिली?"

खोटं सुचेना म्हणून त्याने खरं सांगितलं. "तिथून कधी गेलोच नाही, प्रोफेसर."

अख्खं जेवणघर हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, पण पहिल्यांदाच लोक त्याच्या आधी हसले होते, आणि एजिदिओला त्यात सामील होता येईना. खडू हातात धरून तो उभा राहिला. लोरेदाना मात्र हसली नाही. सगळे गप्प होईपर्यंत ती थांबली.

"पद्धत बरोबर. नकाशाच चुकला," ती म्हणाली. "अठरा. मान्य आहे?"

आणि आता बघा माणसाचं कसं असतं. ज्याला वसंतापासून झोप नीट लागली नव्हती, ज्याचे उद्या सगळे विषय रद्द होणार होते, त्या माणसाला या क्षणी राग आला. चूक त्याची त्याने सुधारली होती! आधीचे दोन प्रश्न सोडवले होते! पंचवीसच्या खाली हा हिशोब कसाही जात नव्हता. नव्या कोटातलं ते पोर त्याच्या छातीत ताठ उभं राहिलं आणि 'नको, मी पुन्हा येईन' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. मारिलेना त्याच्याकडे बघत नव्हती. पर्स पोटाशी धरून ती जमिनीकडे बघत होती. तिने त्याला ओळखलं होतं. ते शब्द तिला ऐकू आले होते.

त्याला स्वतःची भीती वाटली.

"मान्य," तो म्हणाला.

"मोठ्याने, बोर्तोलिन. मागे ऐकू गेलं पाहिजे."

"मान्य आहे. अठरा मान्य आहेत."

तुल्लिओने टाळी वाजवली आणि मग कुणाचंच कुणाला ऐकू येईना. मारिलेनाने पर्समध्ये तोंड खुपसलं होतं. शेजारची बाई तिला रुमाल देत होती.

बाहेर कमानीखाली लोरेदानाने त्याला गाठलं. आता ती पुन्हा नेहमीची होती.

"इथेच उभं राहून तू मला समजावलं होतंस ना रे? अठरा मिळाले म्हणून रडू नकोस म्हणून?"

"लोरेदाना, तेवढं सोडून काहीही बोल."

"मी रडत नव्हते. हसू आवरत नव्हतं मला. सुटले म्हणून. तुला वाईट वाटेल म्हणून तोंड झाकलं होतं."

एजिदिओने तिच्याकडे बघून घेतलं. तीस वर्षं रंगवून सांगितलेल्या गोष्टीतला सर्वांत मोठा विनोद त्याला आत्ता कळत होता, आणि तो त्याला सोडून दुसऱ्या कुणीतरी केला होता. मग तोही हसला, खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर प्रबंध द्यायचा अजून बाकी होता म्हणून कमानींखालून, भिंतीला धरून दुकानात गेला.

शरद ऋतूत त्याने स्वतःचा प्रबंध बांधला. निळं कापड चढवलं. नावाची सोनेरी अक्षरं मात्र त्याने मारिलेनाकडून लावून घेतली. शेवटचं अक्षर थोडं वर गेलं. त्याने ते तसंच ठेवलं.

पदवी मिळाली त्या दिवशी डोक्यावर पानांचा मुकुट चढवून त्याला दरवाज्याबाहेर उभं केलं आणि त्याचं पोस्टर त्याच्याच हातात दिलं. तो वाचू लागला:

पंचवीस होते हातात, म्हणाला, "मला हवेत तीस!"
अठरा घेऊन निघाला गडी, केस होते तेव्हा वीस.

एकदाही न अडखळता त्याने शेवटपर्यंत वाचलं. तुल्लिओने हरकत घेतली, स्वतःच लिहिलेलं वाचताना कोण अडखळेल, ही फसवणूक आहे, सगळ्या बाटल्या तशाच राहिल्या. लोकांनी ती हरकत मान्य केली आणि बाटल्या उघडल्या. मग कुणीतरी म्हणालं, विहीर. लगेच सगळेच म्हणू लागले, विहीर, विहीर. त्याला पुन्हा आत नेऊन जेवणघराच्या दारात उभं केलं आणि लोक कमानींखाली दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे राहिले.

एजिदिओने चौकात पाय टाकला. दगड थोडे उंचसखल होते. इतक्या वर्षांत बाजूने बघताना हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सरळ चालत तो विहिरीपाशी आला, तिच्या काठावर हात ठेवून आत डोकावला. खाली लोखंडी जाळी होती, जाळीवर सिगारेटची थोटकं आणि एक जुना चेंडू. त्याने हात काढला आणि चालू लागला. मोठ्या दरवाज्यात मारिलेना उभी होती. तिच्यापर्यंत पोचायला त्याला इतका कमी वेळ लागला की लोकांच्या टाळ्याही नीट सुरू झाल्या नव्हत्या.

त्याने वळून मागे पाहिलं. आता तो काहीतरी बोलणार, म्हणून सगळे गप्प झाले. असा प्रसंग आणि एजिदिओकडे विनोद तयार नाही, असं कधी झालं नव्हतं. तो विहिरीकडे बघत राहिला, मग कमानींकडे, ढकलगाडीच्या चाकांनी तिथल्या फरशीवर उमटलेल्या दोन लांब रेघांकडे.

"एवढंच होतं?" त्याने मारिलेनाला विचारलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर आलेला मुकुट तिने सरळ केला.